चार बोटं उंच

"पुन्हा बसा," दादू म्हणाला.

कमळाकर घरत सोफ्यावर बसले. सोफ्याने त्यांना आत ओढून घेतलं. त्यांनी हात टेकून एक झोका घेतला, दुसरा घेतला आणि मग दादूकडे बघून नुसतेच हसले.

सोफे दुरुस्त करणारा दादू वाकून सोफ्याखाली बघत होता. "पट्टे लोंबलेत, काका. फोमचा भुगा झालाय. तुमचे गुडघे उगाच बदनाम हायेत."

"गुडघेही काही फार सज्जन नाहीत," कमळाकर म्हणाले.

दिवाळीत त्यांचा मुलगा प्रणित पुण्याहून पनवेलला आला होता, तेव्हा ते याच सोफ्यात अडकले. प्रणितने दोन्ही हात धरून त्यांना बाहेर काढलं. निघताना तो म्हणाला, "बाबा, आता तुम्हाला एकटं ठेवायचं नाही. मार्चमध्ये येतो, मग काय ते ठरवू."

हे वाक्य कमळाकरांनी आधी ऐकलं होतं. शेजारच्या महादेवरावांना त्यांच्या मुलाने हेच, इतक्याच प्रेमाने सांगितलं होतं. महादेवराव आता कोन गावाच्या पुढे एका वृद्धाश्रमात असतात. जेवण वेळेवर मिळतं. कमळाकर भेटायला गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या दाराला कुलूप कोणतं लावलंय?"

म्हणून दादूला बोलावणं गेलं होतं.

"मला एका दमात उठता आलं पाहिजे. आणि काही केलंय हे दिसता कामा नये."

"का? तुमाला बघायला येणार हायेत काय?"

"तसंच समज. फक्त इथे नापास झालो की पाठवणी."

दादूने जुने पट्टे उपटून नवे ताणून ठोकले. त्यावर घट्ट फोम टाकला. हात लावणाऱ्याला संशय नको म्हणून वर बोटभर मऊ थर. पुसायला सोपं म्हणून कमळाकरांचा जीव रेक्झिनवर होता.

"रेक्झिनवरून घसराल. खरबरीत कापड घ्या, अंग धरून ठेवतं."

कापड जुन्या कापडाच्याच तपकिरी रंगाचं मिळालं. कडेची पायपिंगही तशीच शिवली. पायांखाली चार बोटं उंचीचे ठोकळे बसवले आणि ते झाकायला खालून झालर सोडली.

"आता उठा."

कमळाकर उठले. स्वतःच दचकले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. पुढे रोज सकाळी ते उठाबशा काढत राहिले. या वयात ही शिक्षा नेमकी कशाबद्दल, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी प्रणित एकटाच आला. कमळाकर त्याला पाणी द्यायला उठले. पंखा वाढवायला उठले. चहा ठेवायला उठले. नंतर तर काहीच कारण नसताना उठले आणि कॅलेंडर बघून परत येऊन बसले. गुडघ्यातून कळ निघत होती. चेहरा त्यांनी सांभाळला.

प्रणित बघत राहिला होता. "दिवाळीत काय झालं होतं मग तुम्हाला?"

"पित्त."

प्रणित मोठ्याने हसला. किती तरी महिन्यांनी हसल्यासारखा. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, "मी उगाच घोर लावून घेतला," असं म्हणाला आणि बायकोला फोन लावत गॅलरीत गेला.

कमळाकरांनी पाठ टेकली. पास झालो, त्यांच्या मनात आलं. महादेवरावांना आता पाहुणा म्हणूनच भेटायचं.

गॅलरीचं दार उघडंच होतं.

"प्राची, राजीनामा दिलास का? नाही ना? मग देऊ नकोस. पनवेलच्या शाळेलाही कळव, अ‍ॅडमिशन नको म्हणून. अगं, बाबा एकदम ठणठणीत आहेत, आपण इथे राहायला यायची गरजच नाही. हो, स्नेहलला मी समजावतो. आजोबांकडे राहायला जाणार म्हणून तिनं सगळ्या वर्गाला सांगून ठेवलंय."