एकतीस हजारांवर तुटलेला बेल्ट

टायमिंग बेल्ट ऐंशी हजार किलोमीटरनंतर बदलायचा असतो. केशरबाईंना दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचा तो एकतीस हजारांवर तुटला.

चकलांब्याहून गेवराईला जाताना, भर दुपारी, इंजिन एका क्षणात बंद पडलं. मागच्या सीटवर केशरबाईंना धाप लागलेली होती. दुसरी गाडी येईपर्यंत त्या गेल्या.

त्यांचे चिरंजीव सुंदरराव एका सहकारी साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. आई गेली हे त्यांनी मान्य केलं. बेल्ट उगाच तुटला, हे मान्य करायला ते तयार नव्हते. गाडी त्यांनीच आईवडिलांसाठी घेऊन दिली होती. ऐंशी हजाराला बेल्ट बदलायचा आणि त्याला ताण देणारी पुलीही सोबतच बदलायची, हे ड्रायव्हर उत्तरेश्वरला त्यांनीच बजावलं होतं. दहावा आटोपल्यावर त्यांनी मेकॅनिककडून तुटका बेल्ट मागवला आणि ओट्यावर उजेडात धरला. दाते झिजलेले. पाठीवर बारीक भेगा. तेलाचा डाग नाही, उंदराचा दात नाही. पंपावर विचारलं, तर मीटरप्रमाणे गाडी जेवढी धावली त्याला लागेल त्याच्या दुपटीहून जास्त डिझेल गेलेलं. निष्कर्ष एकच निघत होता: गाडी मीटर बंद ठेवून धावली होती.

"मीटरची वायर कधी काढलीस?"

उत्तरेश्वर मान खाली घालून उभा होता. "न्हाई काढली, भाऊ."

"वडाप केलीस तू. गेवराईच्या शिटा भरल्यास."

"लेकराची आन हाय, न्हाई."

"मग डिझेल काय तू प्यालास बे? उद्या पोलिसांना सांग हे."

उत्तरेश्वरनं एकदा आत पाहिलं आणि तोंड मिटलं. सुंदररावांनी ती कबुली समजली.

आतल्या खाटेवरून त्यांचे वडील उठून दारात आले. राधाकिशनराव गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, तेव्हापासून उन्हाळाभर संस्थेच्या शेडकडे कुणी फिरकत नसे.

"त्याला सोड, सुंदर. गाडी कुठंच गेली न्हाई."

"म्हणजे?"

"दुपारची लाईट नसायची. पत्र्याखाली तुझ्या आईचा जीव घाबरा व्हायचा. मंग संस्थेच्या शेडामागं गाडी उभी करायची, चालू ठिवायची, एसी लावायचा. ती मागं निजायची. ऊन कललं की घरी."

"दादा, मला कावून नाही सांगितलं?"

"कुणालाच न्हाई सांगितलं. गाव टँकरपुढं घागरी घेऊन भांडतंय, अन् चेअरमन डिझेल जाळून बायकोला गार वाऱ्यात निजवतोय. कोन्या तोंडानं सांगू? उत्तरेश्वरला बी मीच आन घातलती."

"किती दिवस चाललं हे?"

"तीन उन्हाळे. लई बरं वाटायचं रे तिला. म्हणायची, माझ्या सुंदरनं गारवा धाडलाय."

सुंदररावांनी उत्तरेश्वरला हाताला धरून आपल्याशेजारी ओट्यावर बसवलं. बेल्ट उलटा करून ठेवला.

"पर सुंदर," राधाकिशनरावांनी विचारलं, "गाडी उभीच हुती. उभ्या गाडीचा पट्टा कसा झिजंल?"

सुंदररावांना उत्तर ठाऊक होतं. विचारलेल्या प्रश्नाचं ठाऊक असलेलं उत्तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दिलं नाही.

गाडी उभी राहिली की मीटर थांबतं. इंजिन चालू असेल तर बेल्ट फिरतच राहतो. वाऱ्याविना तापलेल्या इंजिनात तो लवकर कडक होतो आणि चिरतो. तीन उन्हाळे, रोज दुपारी, केशरबाई गारव्यात झोपलेल्या असताना तो झिजत होता. तो बदलण्याची वेळ सुंदररावांनी फक्त किलोमीटरमध्ये सांगितली होती.