उकललेली नावं

"बाळाला दुसऱ्या दवाखान्यात हलवायचं का, एवढंच विचारतायत दवाखान्यातून," फोनवर तळहात दाबून साहेब म्हणाले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी साहेबांच्याच कंपनीची. तिचा पडदा मघाशी काळा पडला होता. कोलमडताना पेटीतल्या प्रोग्रामने कोणतं काम कोणाला सांगितलं होतं, त्याच्या चार ओळी दवाखान्याने पाठवल्या होत्या. पण यंत्राने कामाचं नाव आणि त्याला दिलेलं सामान एकाच गाठोड्यात कोंबलेलं; नुसती अक्षरं नि आकडे. त्या गिचमिडीत एकच शब्द वाचता येत होता: हीट.

साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "ऊबच गेली. हलवू दे."

"वाटेत बाळ गार पडेल हो," प्रोग्राम लिहिणारी बाई म्हणाली. "आणि बिघाड हीटचा नसलाच तर?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर..." साहेब बोलता बोलता थांबले. पेटीत तिच्याच भावाची मुलगी होती.

"गाठोडं सोडून बघू द्या," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत बसून तिने नावं उकलणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. साहेब त्याला रिकामा उद्योग म्हणत. आज ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. तिने चारही ओळी त्यात टाकल्या, देवाचं नाव घेतलं आणि कळ दाबली.

ओळी माणसांसारख्या बोलू लागल्या. पडदा ताजा कर. आलेख काढ. आलेखाला हीटच्या नोंदी दे. रेघ ओढ.

रेघ ओढतानाच सगळं कोसळलं होतं. ऊब देणाऱ्या भागाचं नाव कुठेच नव्हतं.

"नुसतं चित्र काढताना पडलाय होय मेला," साहेब पुटपुटले आणि फोनवरचा हात काढला. "सिस्टर, तुमच्या थर्मामीटरने बाळाचं अंग बघा बरं."

अंग उबदार असल्याचं पलीकडून उत्तर आलं तसे त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी फोन तिच्या हातात दिला. "भाऊ तिथेच आहे, त्याला तूच सांग."

"दादा, ऊब चालू आहे. फक्त पडदा गेलाय."

"म्हणजे हलवायचं नाही?"

"नाही रे."

"सिस्टरही तेच म्हणाल्या. पण तू सांग."

"सांगते ना. आहे तिथेच झोपू दे तिला."

मग पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

"बरं," दादा म्हणाला. "मग बसतो आता."