आईच्या घरचं नेट

“गेलं परत!” आईनं हात झटकला. “अख्ख्या किसुमूचं नेट दुरुस्त करत फिरतोस, आणि आईच्या घरात हे दिवे लावलेस होय रे?”

ओडेरा टेबलाखाली पालथा पडला होता, तोंडात टॉर्च धरून. उत्तर द्यायची सोयच नव्हती. बरं झालं, नाहीतर काहीतरी वेडंवाकडं निघून गेलं असतं.

नेट जोडून देणं आणि बिघडलं की नीट करणं, हाच त्याचा धंदा. किसुमू शहरातल्या बँका, दवाखाने, तळ्याकाठची हॉटेलं, सगळीकडे त्याला मान होता. फक्त आईच्या घरातला राउटर त्याचं नाक कापायचा, आणि तेही ऐन मोक्याला. चर्चमधल्या बायका तासतासभर त्याच नेटवर गाण्याची तालीम करत, तेव्हा सगळं झकास. पण कतारहून थोरल्या भावाचा, टोबियासचा, फोन यावा, ओडेराच्या लग्नाचा विषय निघावा, की संपलं.

त्यांच्यात थोरल्याआधी धाकट्याचं लग्न होत नाही. टोबियास चाळिशीला टेकला तरी सडाच. आता वाट मोकळी व्हायची तर त्यानं चुलत्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं की धाकट्यानं खुशाल आधी करावं. निरोप चालत नाही, चिठ्ठी चालत नाही. एक वाक्य हवं, बस्स! चुलते दोनदा जमले आणि दोन्ही वेळा त्या वाक्याच्या तोंडावर नेट गेलं. टोबियासला एकट्यानं विचारलं तर तो हसायचा. “सांगेन की, वेड्या. जमू दे सगळ्यांना.”

ओडेराच्या होणाऱ्या बायकोचा, नकुरूच्या शाळेत शिकवणाऱ्या अपोंडीचा, धीर मात्र आता संपला होता. “या रविवारी झालं तर झालं,” तिनं फोनवर सांगून टाकलं. “नाहीतर बाबा दुसरीकडे बोलणी करणार आहेत. तू मग त्या डब्याशीच लग्न कर.”

ओडेरानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? केबल बदलली, राउटर बदलला. छपरावरचा अँटेना वाऱ्यानं हलतो म्हणून आवळला. सॉकेटातल्या मुंग्या हुसकल्या. आज राउटरमधल्या नोंदी तपासल्या तेव्हा कुठे कळलं की दर वेळी तो पार बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. म्हणजे वीजच जात होती! इथं वीज काय, मनाला येईल तेव्हा जाते. त्याला हे आधीच सुचायला हवं होतं.

“आई, पाय काढ ना जरा. राउटरच्या बटणाचा बोर्ड बघू दे.”

गुडघ्यांमुळे आई कायम टेबलाला लागून असलेल्या खुर्चीत बसे, चपला काढून, पाय टेबलाखाली पसरून. तिनं कुरकुरत पाय ओढून घेतले.

“टोबियासच्या फोनच्या वेळी घरातले दिवे लुकलुकतात का गं?”

“लुकलुकतात की.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला काय कळतंय त्यातलं? मी तर त्या डब्याला हातसुद्धा लावत नाही, बाबा.”

दुपारी तिनं मासा तळला. ओडेराला डोक्याचा भाग आवडतो, तो काढून त्याच्या ताटात वाढला. सुनेसाठी घेतलेलं कापडही पुन्हा एकदा काढून दाखवलं, निळं, पिवळ्या पक्ष्यांचं.

“लग्न झालं की तू नकुरूला जाणार,” ती हसत म्हणाली. “मग हा मासा मी कुणासाठी तळू रे?”

“येत जाईन की दर महिन्याला.”

“हो, येशील. टोबियाससुद्धा असंच म्हणाला होता.”

एवढी माया करणारी आई, आणि आपण तिच्यावर चिडचिड करतो! ओडेराला स्वतःची लाज वाटली.

रविवारी आई चर्चला गेल्यावर त्यानं राउटरला बॅटरी जोडली आणि कपाटामागे सरकवून दिली. आता वीज गेली तरी राउटर दिवसभर चालला असता. बोलला मात्र कुणाला नाही. परत फसलं असतं तर टोमणे कुणी ऐकायचे?

जेवणानंतर तिघे चुलते आले. चहा झाला, तळलेली गोड मंडाझी खाऊन झाली. ओडेरानं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि पडद्यावर टोबियास आला, गुबगुबीत, हसरा. पावसाची चौकशी झाली, तळं भरून टाकणाऱ्या जलपर्णीला शिव्या देऊन झाल्या. मग मोठ्या काकांनी घसा साफ केला.

“टोबियास, तुझा भाऊ लग्न करायचं म्हणतोय. थोरला तू. काय ते तुझ्या तोंडून ऐकायला आलोय आम्ही.”

ओडेरानं फोन हातात तयार ठेवला होता. तिकडे अपोंडी वाट बघत होती.

टोबियासनं मान खाजवली. “काका, म्हणजे कसं आहे... माझं म्हणणं असं, की...”

टेबलाखाली टक् आवाज झाला. बोर्डाचा लाल दिवा विझला.

“गेलं!” आईनं कपाळावर हात मारला. “मेली ही वीज! ऐन वेळेला गेली बघा!”

मोठ्या काकांनी वर बघितलं. छताचा पंखा गरगर फिरत होता. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर टोबियासनं ‘गेलं’ ऐकलं आणि सुस्कारा सोडून खुर्चीत मागे रेलला. बाजूचा चहाचा पेला उचलून तो खोलीतल्या कुणाकडे तरी वळला.

“सुटलो बाबा एकदाचा,” तो म्हणाला. “आईनं आज बटण दाबायला केवढा उशीर केला!”