ड्रागोचा पहिला तुरा

साठाव्या वर्षी बेनिल्देने अंगणात ड्रागोचं रोप लावलं, तेव्हा दीर फिदेन्सिओ अख्ख्या गावासमोर हसला होता. “वहिनी, या झाडाला पहिल्यांदा फुलायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. तोवर तू कसली टिकतेस? तुझ्या डोळ्यांदेखत फुललं, तर ही मिशी तुझी.” फुलेपर्यंत ड्रागोला फांदी फुटत नाही, नुसतं सरळ खोड आणि वर पानांचा झुबका, म्हणून येताजाता तो त्याला झाडू म्हणायचा. या रविवारी झाडूच्या शेंड्यावर पांढऱ्या फुलांचा तुरा उभा होता. त्र्याऐंशी वर्षांची बेनिल्दे नवऱ्याचा वस्तरा घेऊन चर्चच्या पायऱ्यांवर पोचली. प्रार्थनेहून परतणारं गाव थबकलं. फिदेन्सिओ टोपी काढून पायरीवर बसला. “कापलं तर?” “ड्रागोचाच लाल डिंक आणलाय. रक्त थांबतं.” पांढरी मिशी पायरीवर पडली. वस्तरा एप्रनला पुसत ती म्हणाली, “पुन्हा वाढवा, भावजी. पुढचा तुरा पंधरा वर्षांनी येईल. तोवर वस्तऱ्याला धार लावून ठेवते.”