जोडावरची गाठ

“माशांना कशाला गं दिवाळी? लई लाड!” सासूबाई पाठीमागं पुटपुटल्या.

मी फिशटँकच्या झाकणाला एलईडीची पट्टी चिकटवली, व्हिडिओ बघून वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. पाणी निळंशार उजळलं. कौतुकानं ओला हात मेन वायरीच्या जोडावर ठेवला अन् आठवलं, त्यावर टेप लावायची राहिलीय.

झटका बसला नाही.

बटण बंद करून पाहिलं. जोडावर टेप होती. वर लाल सूत गुंडाळून विणकराची, मागावरची बारीक गाठ मारलेली. असा जोड घरात फक्त हे करायचे. हे गेले, माग विकला, त्याला दोन वर्षं झाली.

मी मनोमन हात जोडले. कुणाला, ते स्वतःलाही विचारलं नाही.

सासूबाईंनी सुताचं टोक चाचपलं. विणकर थुंकी लावतो तसं ते अजून ओलं होतं.

“माझा धोंडीराम हितंच हाय की गं.”