कॅमेऱ्यामागचा आवाज

"काका, ही आता शेवटच्या घटका मोजतेय," दुरुस्तीवाला म्हणाला. टेबलावर वायर जोडून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क आतल्या आत टकटक करत होती. "सगळं निघेल या आशेवर राहू नका. नेमकं काय हवंय तेवढं सांगा."

"घरचे व्हिडिओ," शूटिंगवाला म्हणाला.

दुरुस्तीवाल्याने मान वर केली. लोकांच्या लग्नांचं शूटिंग करण्यात ज्याचे केस पांढरे झाले, त्याच्याकडे स्वतःच्या घरचे व्हिडिओ नाहीत, हे काही त्याला पटेना.

"आहेत हो. नव्या कॉम्प्युटरवर सगळे आहेत. पण त्यांत आवाज नाही. तो मीच काढून टाकलाय."

ही त्याची धंद्यातली खोड. लग्नात कॅमेऱ्याच्या आसपास माणसं काय वाट्टेल ते बोलत असतात. तो सगळा कलकलाट पुसायचा, वरून गोड संगीत चढवायचं, की गिऱ्हाईक खूश. घरीही त्याने तेच केलं. घरचा कॅमेरा बायकोच्या हातात असायचा, कारण दिवसभर दुसऱ्यांचे आनंदसोहळे टिपून आल्यावर याला कॅमेऱ्याचं तोंडसुद्धा बघवत नसे. आणि बायकोने कॅमेरा धरला म्हणजे तोंडाचा पट्टा सुरू. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा त्याने मोठ्या हौसेने एकेक व्हिडिओ स्वच्छ केला, त्यावर संगीत चढवलं आणि नव्या मशीनवर नेऊन ठेवला. जुनी डिस्क गेली माळ्यावर. "मला अगदी हद्दपारच केलंत की," बायको तेव्हा म्हणाली होती. त्याने नुसती मान हलवली होती.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली, तीही वाईट. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, बोलणं गेलं. ती फोनवर टाइप करायची आणि फोन कुणा परक्या बाईच्या आवाजात बोलायचा. 'आंघोळीचं पाणी तापलंय' हेसुद्धा ती बाई स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तसं सांगायची. बायको वैतागली, फोन ठेवून दिला आणि खाणाखुणांवर आली. घर असं चिडीचूप झालं की त्याला फ्रिजच्या घरघरीचा आधार वाटू लागला. बायकोची बडबड नको म्हणणारा हा माणूस आता त्या बडबडीसाठी आतून तुटत होता.

परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने एक वाट शोधून काढली. "बाबा, आईचा जुना आवाज दिला तर कॉम्प्युटर तो शिकतो. मग ती टाइप करेल ते तिच्याच आवाजात ऐकू येईल. फक्त अर्धाएक तासाचं स्वच्छ बोलणं हवं."

अर्धा तास कुठला, अर्ध्या मिनिटाचंही घरात नव्हतं. जे होतं ते त्याने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. म्हणून तर माळा उपसून ही डिस्क दुरुस्तीवाल्यापुढे आणून ठेवली होती.

दुरुस्तीवाल्याने रडतखडत जमेल तेवढं बाहेर काढलं. बरंचसं कायमचं गेलं. जे आलं त्यात चित्र फाटकं होतं, माणसांची तोंडं अर्धी हिरवी झाली होती, पण आवाज शाबूत होता.

दोघं नव्या कॉम्प्युटरसमोर बसली. ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी. आता त्याला जन्मभराचं काम उलटं करायचं होतं. पोरीचं रडणं काढा, मिक्सर काढा, शेजारचं कुत्रं काढा, बायको ठेवा. 'अहो, बघा ना, उभी राहिली ही.' ठेवलं. 'अहो, कुणासारखी दिसते हो ही?' ठेवलं. 'अहो, आज पाय फार दुखताहेत माझे.' ठेवलं. चित्रात मधूनच तो स्वतःही दिसायचा, वायरी गुंडाळताना, पेपर वाचताना. तिकडे बघायला त्याला फुरसत नव्हती, त्याचे कान फक्त तिच्या मागावर होते. एकेक वाक्य हाती लागलं की त्याला भरून येई. एवढा गोड, खणखणीत आवाज आपण कचरा म्हणून टाकला, याची त्याला मनापासून लाज वाटली. बायको मात्र डोळे मिटून ऐकत होती. कधी कधी डोळे उघडून त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा मिटायची. अर्धा तास भरला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात मुलीने तयार झालेला आवाज पाठवला. त्याने तो कॉम्प्युटरवर बसवला, स्पीकर पुसून नीट ठेवले, कीबोर्ड बायकोपुढे सरकवला.

"बोल," तो म्हणाला. "मनात असेल ते बोल. आता एक अक्षरही कापणार नाही मी."

तिने टाइप केलं. खोडलं. पुन्हा टाइप केलं. मग बटण दाबलं आणि खोलीत तिचा आवाज आला. वाक्याच्या शेवटाशी किंचित ताठ, पण तिचाच, अगदी हेल काढण्यासकट. त्याचे डोळे पाण्याने भरले, आणि ती काय म्हणतेय हे कळायला त्याला क्षणभर लागलं.

"अहो, तुम्ही पोरीचं रडणं कापलंत, मिक्सर कापलात, शेजारचं कुत्रं कापलंत. मी शेजारी बसून सगळं बघत होते. तुमचा आवाज मात्र तुम्हाला एकदाही कापावा लागला नाही."