रेघ कुणाची?

"ह्यातला एक फोटो चोरलेला हाय," सुभेदार मानसिंग उभे राहून म्हणाले, आणि मलकापुरातल्या त्या मंगल कार्यालयात चहाचे कप जिथल्या तिथं थांबले.

पडद्यावर दोन फोटो शेजारीशेजारी लावले होते. दोन्हींत सप्तर्षींच्या शेपटीजवळची तीच दीर्घिका, भोवऱ्यासारखे वळसे घेतलेली. दोन्हींत तिच्या कडेला अगदी चिकटून गेलेली तीच बारीक पांढरी रेघ. ही रेघ म्हणजे लघुग्रह. मार्चमध्ये तो पृथ्वीजवळून, चंद्राच्या जरा पलीकडून गेला, तेव्हा आकाशप्रेमी मंडळानं सातारा-सांगलीतल्या सगळ्या सभासदांना कॅमेरे रोखायला सांगितलं होतं. दीर्घिकेशेजारी असताना जो त्याला टिपेल, त्याला पहिलं बक्षीस.

टिपला दोघांनीच. एक सुभेदारांचा मुलगा पृथ्वीराज, वाईत बँकेत नोकरीला. दुसरी तासगावच्या नानासोंची मुलगी स्वप्नाली, तिथल्याच कॉलेजात शिकवणारी.

चोरीचं नाव निघाल्यावर नानासो गप्प बसतात होय! जीपभर भावकी घेऊन आलेला द्राक्षबागायतदार तो. फेटा सावरत उठले.

"आवं सुभेदार, जरा जपून बोला. माझ्या पोरीनं रातभर जागून काढलाय त्यो. आमच्या मळ्यातल्या घराच्या गच्चीवर. जिन्याच्या तोंडाला खाट टाकून मी सोता राखणीला हुतो. चिटपाखरू वर गेलं न्हाई."

"आन् माझा पोरगा पांडवगडावर हुता. वाऱ्यावावधानाचा. मी सोता डबा दिला त्याला बांधून."

"मग त्यानंच उचलला आसंल आमचा फोटो."

"नानासो, फौजीचं रगात हाय त्ये."

"आन् आमच्या अंगात काय द्राक्षाचा रस हाय व्हय?"

सगळं कार्यालय हसलं. हसली नाहीत ती दोघंच. पृथ्वीराज खाली वाकून बुटाची नाडी उगाच सोडत-बांधत बसला होता. स्वप्नाली उठून मंचावरच्या अध्यक्षबाईंजवळ गेली.

"बाई, मला बक्षीस नको. माझा फोटो मी मागं घेते."

"माझाही घ्या," पृथ्वीराज खालूनच म्हणाला.

झालं! दोन्ही बापांचं डोकंच फिरलं. आता माघार म्हणजे चोरी कबूल केल्यासारखंच की. आणि चोरी ठरली तर मंडळातून नाव कायमचं कमी, असा नियमच होता. त्याहून वाईट म्हणजे गावात तोंड कसं दाखवायचं? मानसिंगांनी गणपती घाटावर भेटेल त्याला मोबाइलमधली ती रेघ दाखवली होती. बघणाऱ्याला ओ की ठो कळायचं नाही, पण सुभेदारांची फुगलेली छाती बघून तो मान डोलवायचा. नानासो तर चार पावलं पुढं होते. त्यांनी फोटो बेदाण्याच्या खोक्यावर छापायला टाकला होता.

"तपास करा," मानसिंग म्हणाले.

"कराच," नानासो म्हणाले.

मंडळाच्या अध्यक्ष संयोगिताबाई. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या, बोलणं मोजकं. त्यांनी दोघांकडून कॅमेऱ्याची मेमरी कार्डं मागून घेतली, लॅपटॉपला लावली आणि मूळ फोटो एकेक करून मोठे करून पाहिले.

"चोरी नाही," बाई म्हणाल्या. "कॅमेरे वेगळे, दुर्बिणी वेगळ्या. हिच्या फोटोत डावीकडचे तारे जास्त आलेत, याच्या फोटोत उजवीकडचे. वेळ मात्र तीच. दोघांनी आपापला फोटो स्वतः काढलाय."

मानसिंगांनी मिशीवरून हात फिरवला. मग तरातरा चालत जाऊन त्यांनी नानासोंचा हात धरला.

"चुकलं माझं गड्या. लय गुणाची पोर हाय तुमची."

"तुमचा पोरगा बी वाघ हाय," नानासो म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. भावकीनं टाळ्यांचा कडकडाट केला.

बाई मात्र अजून पडद्याकडंच बघत होत्या.

"बाई, झालं ना आता?" स्वप्नाली हळूच म्हणाली.

बाईंनी तिच्याकडं पाहिलं, पृथ्वीराजकडं पाहिलं. "हो, झालंच," म्हणत त्या लॅपटॉप मिटायला लागल्या.

"आवं थांबा की," मानसिंग म्हणाले. "एवढं काय बघत व्हता? पोराचं आनखी काय कवतिक आसंल तर माईकवर सांगा. समद्यांना कळू द्या."

"आमच्या पोरीचं बी सांगा. लपवायसारखं काय न्हाई आमच्यात."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "पुन्हा कधीतरी."

"आत्ताच सांगा," दोघं एकदम म्हणाले.

बाईंनी नाइलाजानं माईक हातात घेतला.

"हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा."

सगळ्यांनी धरले. पहिल्या ओळीत दोन्ही बाप अंगठे वर करून डोळे मिचकावत उभे राहिले.

"सरकतोय की," नानासो म्हणाले.

"बघणारा डोळा बदलला, की जवळची वस्तू सरकलेली दिसते. लघुग्रह जवळचा, दीर्घिका कितीतरी लांबची. त्यामुळं त्याच वेळी तासगावातून बघितलं तर रेघ दीर्घिकेला चिकटलेली दिसणार, आणि वाईतून बघितलं तर चांगली सुटी."

मानसिंगांनी अंगठा अजून खाली घेतला नव्हता. एक डोळा तसाच मिटलेला ठेवून त्यांनी पडद्यावरचा पहिला फोटो पाहिला, मग दुसरा.

"म्हंजी?" ते म्हणाले.

"म्हणजे सुभेदार," बाई म्हणाल्या, "दोन्ही फोटो एकाच गच्चीवरून काढलेत, आणि ती गच्ची वाईत नाही."